राजश्रीचं दुसरं उष्टावण

पोलादपूरपासून तीन-चार किलोमीटरवर सावित्रीच्या काठाला एक वाडी आहे. तिथल्या अंगणवाडीत राजश्री सतरा वर्षं सेविका आहे. वाडीतल्या सगळ्या पोरांची वजनं तिला तोंडपाठ. कुणाचं बाळ गेल्या महिन्यात किती ग्रॅमने वाढलं, कुणाचं अडलं, हे ती वही न उघडता सांगते. स्वतःचं वजन मात्र तिने सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. गरोदर बायांसाठीचा मोठा काटा कोपऱ्यात असायचा. त्यावर पाय ठेवायचं मनात आलं की तिला नेमकं दुसरंच काहीतरी काम आठवायचं.

शेवटी तिला काट्यावर चढवलं ते महाडच्या हाडांच्या डॉक्टरांनी. एकशे अठरा किलो. वय त्रेचाळीस, साखर अडीचशेच्या वर आणि दोन्ही गुडघे झिजलेले.

"गुडघे बदलता येतील बाई," डॉक्टर म्हणाले, "पण आत्ता नाही. नवे गुडघे बसवले तरी एवढं ओझं किती दिवस वाहतील? आधी वजन उतरवा."

राजश्रीने आजवर काय कमी केलं होतं! दोनदा भात सोडला होता, एकदा साखर. कुणी सांगितलं म्हणून महिनाभर दुधीचा रस प्यायली. पाच किलो उतरायचे आणि सात चढायचे. तिची मुलगी रेश्मा पनवेलला लॅबमध्ये काम करते. तिने एका सर्जनची वेळ घेतली आणि आईला सरळ गाडीत बसवलं. सर्जनने कागदावर जठराचं चित्र काढलं, त्यातला मोठा भाग पेन्सिलीने खोडला आणि उरला त्यावर बोट ठेवलं. "दुर्बिणीतून ऑपरेशन करू. एवढं पोट ठेवू, साधारण केळ्याएवढं. बाकीचं काढून टाकू."

घरी येऊन राजश्रीने हे सासूला सांगितलं. ठकूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"केळ्याएवढं म्हंजे केवढं गो? वेलची केळं का राजेळी?"

"आत्याबाई, ते काय मी विचारलं नाही."

"विचारायचं ना! दोन्हीत केवढा फरक हाय."

राजेंद्र, राजश्रीचा नवरा, महाडच्या एसटी आगारात मेकॅनिक.  तिसऱ्या दिवशी जेवता जेवता तो म्हणाला, "इंजिन चांगलं हाय तुझं. बॉडी जड झालीय. करून टाक."

संक्रांत झाल्यावर दहा दिवसांनी ऑपरेशन झालं. त्याआधीचे पंधरा दिवसही पातळ खाण्यावरच काढायचे होते, त्यामुळे त्या वर्षी राजश्रीने वाडीभर तिळगूळ वाटला आणि स्वतः एकही लाडू तोंडात टाकला नाही. शस्त्रक्रिया नीट पार पडली. चौथ्या दिवशी ती पोटावर पाच छोटी टाक्यांची ठिकाणं, औषधांची पिशवी आणि आहाराचा एक लांबलचक कागद घेऊन घरी आली.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो कागद समोर बसवून वाचून घेतला होता. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, गाळलेलं. मग दोन आठवडे वाटलेलं, घोटलेलं. मग मऊ, कुस्करून. दीड-दोन महिन्यांनी हळूहळू घरचं जेवण. खाण्याच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. पाणी दिवसभर घोट घोट, गटागटा कधीच नाही. प्रथिनं रोज साठ ग्रॅम. पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की हातातला चमचा खाली.

"पहिली खूण म्हणजे काय?" राजश्रीने विचारलं होतं. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला इथे छातीखाली जड वाटतं," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "तुमची तुम्हाला सापडेल."

घरी आल्यावर पाण्यापासूनच सुरुवात झाली. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण धुऊन घेतलं. त्यात पंधरा मिली मावायचं, एका वेळी दोनच टोपणं पाणी आणि तेही पाच-दहा मिनिटं पुरवून प्यायचं. राजश्रीला तांब्याने पाणी घशात ओतायची सवय होती. भर दुपारी अंगणवाडीतून आली की ती माठाजवळ उभी राहून अर्धा तांब्या एका दमात संपवायची. आता टोपण ओठाला लावलं की तिला स्वतःचंच हसू यायचं आणि हसलं की टाके ओढायचे.

राजेंद्रने एक लिटरच्या बाटलीवर ऑइलपेंटने रेघा ओढून दिल्या. सकाळी आठ, नऊ, दहा, अशी प्रत्येक रेघेला वेळ लिहिली. "संध्याकाळी मी आलो की लेव्हल बघणार," तो म्हणाला. आणि खरोखरच तो बघायचा. डबा ठेवायच्या आधी बाटली उचलून उजेडात धरायचा.

ठकूबाईंना यातलं काही पटत नव्हतं. धडधाकट सून घरात, आणि तिच्यासमोर वाटीभर कोमट पाणी ठेवायचं! त्यात भेटायला येणाऱ्या बायकांनी भर घातली. कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटं, कुणी उकडलेली अंडी. जाताना प्रत्येकीचं एकच, "कायतरी खा गो बाय, नायतर ताकद कशी येईल?"

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी ठकूबाईंनी पेज दिली. वरून पातळ दिसत होती. राजश्रीने चमच्याने चारेक घोट घेतले आणि जिभेला शितं लागली. खाली चांगला दाट भात होता, वर तुपाची धार. गिळल्यावर दोनच मिनिटांत छातीखाली कुणी मूठ दाबून धरावी तसं झालं. उचकी सुरू झाली. नाक वाहायला लागलं. तिन्ही खुणा एकदम! ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. पाऊण तासाने कुठे हलकं वाटलं.

ठकूबाई दारात उभ्या होत्या. चेहरा पार उतरलेला.

"पाण्यावर माणूस जगतं काय? मला वाटलं, थोडी शितं गेली तर काय होतंय."

राजश्रीला राग आला होता, पण त्या चेहऱ्याकडे बघून तो टिकला नाही. शिवाय हे बोलणं तिने कितीदा तरी ऐकलं होतं. वाडीतल्या कित्येक सासवांना तिने याच पडवीत, याच विषयावर समजावलं होतं, फक्त समोर बाळ असायचं.

"आत्याबाई, तुळसाच्या यशराजचं उष्टावण कधी?"

"येत्या बुधवारी. सहा पुरे होतात ना त्याला."

"पहिल्या दिवशी त्याला किती देणार?"

"किती म्हंजे? दोन चमचे. पातळ करून."

"का? वाटीभर भात द्या की. ताकद येईल."

"काय बोलतंस! इतकुसं पोट त्याचं..." ठकूबाई थांबल्या.  मग हळूच जवळ येऊन खाली बसल्या. "म्हंजे तू आता तान्हं हायस."

"त्याच्यापेक्षा लहान. त्याला परवापासून पेज मिळेल, मला अजून आठवडाभर गाळलेलंच."

त्या दिवसापासून ठकूबाई कामाला लागल्या. चार पोरं आणि सात नातवंडं वाढवलेली बाई ती. जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा उकळून वाळवला आणि त्यातून त्या सगळं गाळायला लागल्या. कुळथाचं कढण, मुगाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, लोणी काढलेलं ताक. हॉस्पिटलच्या प्रथिनांच्या पावडरीला खडूची चव होती. ती त्यांनी दुधात चिमूटभर वेलची घालून फेटून दिली. रेश्माने रोज फोन करून किती मिली गेलं ते विचारावं आणि आजीने हिशोब द्यावा असं सुरू झालं. मिली हा शब्द ठकूबाईंच्या तोंडात असा बसला की एकदा त्यांनी शेजारणीकडे दोनशे मिली रॉकेल आहे का म्हणून विचारलं.

राजश्रीची अंगणवाडी त्या दिवसांत मंजुळा मदतनीस सांभाळत होती. पण बुधवारी यशराजचं उष्टावण झालं आणि दुसऱ्याच दिवशी तुळसा त्याला कडेवर घेऊन राजश्रीच्या पडवीत हजर झाली. तुळसा बावीस वर्षांची, पहिलटकरीण. डोळ्यांत पाणी.

"बाई, हा सगळं थुंकतो. चमचा बघितला की तोंडच मिटतो."

"बस इथं," राजश्री म्हणाली. "माझीपण अकराची वेळ झाली. आपण बरोबरच बसू."

ठकूबाईंनी दोन वाट्या आणल्या. एकीत पोराचं नाचणीचं सत्त्व, दुसरीत बाईंचं. चमचेही सारखेच, लहान बाळाचे. राजश्रीने आपल्या चमच्याने थोडंसं घेतलं, तोंड मोठं उघडलं, "आऽऽ" केलं आणि गिळलं. यशराज टक लावून बघत राहिला. तिने पुन्हा तसंच केलं. तिसऱ्या वेळी त्याचंही तोंड उघडलं. तुळसाने चटकन चमचा सरकवला. निम्मं बाहेर आलं, निम्मं आत गेलं.

"गेलं!" ठकूबाई ओरडल्या, जणू घरच्या गड्याने कबड्डीत पकड मारली.

मग तो रोजचाच परिपाठ झाला. सकाळी अकरा वाजता पडवीत दोघांची पंगत. एकाला चमचा चाटायला वीस मिनिटं, दुसरीलाही वीस मिनिटं. राजश्रीला वाटायचं, आपण सतरा वर्षं बायांना सांगत आलो, हळू द्या, थोडं द्या, बाळाने मान फिरवली की जबरदस्ती करू नका. सगळं बरोबर सांगितलं. पण मान फिरवावीशी वाटते तेव्हा आतून काय होतं, ते आत्ता कळलं. तिलाही आता खूण ओळखता येऊ लागली होती. सहाव्या-सातव्या चमच्याला नाकाच्या शेंड्याशी ओलसर वाटायचं, की चमचा खाली.

सगळेच दिवस असे हसतखेळत गेले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी शेजारी सुका जवळा परतायला टाकला होता. वास पडवीत आला आणि राजश्री रडायला लागली. भूक नव्हती. गंमत म्हणजे भूक जवळजवळ गेलीच होती. पण तिला खायला आवडायचं. जवळा, तांदळाची भाकरी, वर कच्चा कांदा, हे सगळं तोंडाला आठवत होतं. स्वयंपाकघरातून जाताना तिचा हात आपोआप शेवेच्या डब्याकडे जायचा आणि झाकणापाशी पोचल्यावर तिच्या ध्यानात यायचं. दिवसातून किती वेळा हात तिकडे जातो हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

राजेंद्र त्या दिवसांत मागच्या दारी बसून जेवायचा, तिला दिसू नये म्हणून. तिने त्याला आत बोलावलं.

"असं चोरून काय जेवता? माझ्यासमोर बसा."

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल थोडं. पण तुम्ही मागच्या दारी बसता त्याचं जास्त वाटतंय."

तो ताट घेऊन तिच्यासमोर बसला. तिने आपलं कढण घेतलं. त्याचं जेवण सहा मिनिटांत आटोपलं, तिचं अजून अर्ध्यावर होतं. हात धुऊन तो परत येऊन बसला आणि आगारातल्या गोष्टी सांगत राहिला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. जेवताना दोघं एवढा वेळ समोरासमोर बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात घोटलेलं सुरू झालं. मऊ मुगाची खिचडी पुरण करायच्या चाळणीतून काढून, त्यात मीठ आणि जिऱ्याचा वास. पहिला चमचा जिभेवर ठेवून राजश्री कितीतरी वेळ तशीच बसली. यशराजची प्रगती मात्र तिच्याहून जोरात होती. महिना संपता संपता त्याने एका बैठकीत अख्खी वाटी संपवली, आणि राजश्रीची अर्धी उरली.

"बाई, तो तुमच्या पुढे गेला," तुळसा हसत म्हणाली.

"जाऊ दे. त्याचं पोट वाढणार आहे, माझं नाही."

सातव्या आठवड्यात शिमगा आला. कुडपणला राजश्रीचं माहेर. वर पठारावर पालखी नाचणार, म्हणून भाऊ न्यायला आला. ती गेली. आई सुंदराबाई वाट बघत होत्या. लेकीला इतकं उतरलेलं बघून त्यांनी आधी तिच्या दोन्ही गालांना हात लावून पाहिलं. लेकीचं ऑपरेशन काय, पथ्य काय, हे त्यांना फोनवर सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि लेक समोर बसणं वेगळं. गावठी कोंबडीचा रस्सा रटरटत होता. भाकऱ्या थापून तयार होत्या.

राजश्रीला आता चिकन चालत होतं, पण बारीक करून, एकेक घास पंचवीस-तीसदा चावून. तिने दोन चमचे रस्सा आणि एक छोटा तुकडा घेतला. तेवढ्यात वहिनीने गेल्या वर्षीच्या पालखीची गोष्ट काढली, कोण कसा नाचला, कुणाचा फेटा सुटला. राजश्री खळखळून हसली, आणि बोलता बोलता तो तुकडा न चावताच खाली गेला.

छातीत कळ आली ती इतकी जोराची की तिने ताट बाजूला सारलं. परसात जाऊन बसली. तोंडातून नुसता फेस येत होता, थुंकून संपेना. दहा मिनिटांनी तुकडा उलटून पडला. सुंदराबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"माझ्या हातचं खाऊन तुला असं झालं गो. मी विष घातलं काय?"

"नाय गो आय, माझीच चूक. मी चावलंच नाय."

तिने आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. रेंज यायला तिला गोठ्यामागच्या चढावर जावं लागलं. त्या शांतपणे म्हणाल्या, आता उद्या सकाळपर्यंत फक्त घोट घोट पाणी. दुखणं राहिलं, ताप आला किंवा पाणीही टिकेना, तर लगेच दवाखाना. तसं काही झालं नाही. तिन्हीसांजेला ती पालखी बघायला देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली.

सकाळी सुंदराबाईंनी एक अंडं फेटून तव्यावर मऊसर हलवलं. वाटीत घालून आणलं आणि समोर बसल्या. लेक चावत होती आणि त्या बघत होत्या.

"तू लहानपणी कधी चावलंच नायस," त्या म्हणाल्या. "एका ताटात तुम्ही पाच जणं. जो हळू खाई तो मागं राही. तू सगळ्यांत धाकटी. तूच सगळ्यात आधी संपवायचीस. मला वाटायचं, बरं झालं, ही उपाशी राहायची नाय."

राजश्री चावायची थांबली. पाच जणांचं ते पितळी ताट तिला आठवलं, कडेने फिरणारे भावंडांचे हात आठवले. तोंडातला घास संपवून ती म्हणाली, "आता ताटात मी एकटीच हाय आय. कुणी घेऊन जाणार नाय."

सुंदराबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसले.

राजश्री कामावर परतली तेव्हा मार्च अर्धा सरला होता. वीस मार्चला चवदार तळ्यावर होणाऱ्या गर्दीसाठी आगारातून जादा गाड्या सुटत होत्या आणि राजेंद्र दोन-दोन पाळ्या करत होता. अंगणवाडीत पहिल्या दिवशी तिने दार उघडलं, कोपऱ्यातला मोठा काटा ओढून मध्ये घेतला आणि मंजुळाच्या देखत त्यावर चढली. शंभर किलो चारशे ग्रॅम. मंजुळाने आकडा वहीत कुठे लिहायचा ते विचारलं.

"कुठे नको. नुसता बघ," राजश्री म्हणाली.

पुढचे महिने आकडा खाली जात राहिला, कधी भराभर, कधी महिना-महिना तिथेच अडून. मे महिन्यात केस मुठीमुठीने गळू लागले. ती घाबरली. डॉक्टर म्हणाले, होतं असं, प्रथिनं आणि गोळ्या चुकवू नका, परत येतील. ठकूबाईंनी माका घालून तेल कढवलं. केस परत आले ते गोळ्यांनी की तेलाने, यावर घरात अजून एकमत नाही. साखरेच्या चार गोळ्यांची एक झाली. जुलैत ती गृहभेटीला वरच्या वाडीत चढून गेली, तीनदा थांबून, पण आपल्या पायांनी. गुडघे कुरकुरत होते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "आता बदलायची घाई नाही. चालू द्या जोवर चालतंय."

अंगणवाडीत मातांच्या बैठकीत ती अजूनही तेच सांगते, हळू द्या, थोडं द्या. पण आता बाया तिला उलट प्रश्न विचारतात आणि ती स्वतःवरचं सांगते. फेसाची गोष्टही सांगते, लपवत नाही.

नवरात्रात ग्रामदेवतेच्या देवळात महाप्रसाद होता. राजश्री तेव्हा पंच्याऐंशी किलोवर आली होती. सभामंडपात पंगत बसली, ती आणि ठकूबाई शेजारी शेजारी. पत्रावळीवर तिने आधी मटकीची उसळ मागून घेतली, मग मूठभर भात, शेवटी चिमूटभर शिरा. पाण्याचं भांडं उपडं घातलं. पंगत पंधरा मिनिटांत उठली. या दोघी बसूनच. ठकूबाईंच्या खालच्या चार दाढा श्रावणात काढल्या होत्या, त्यामुळे त्यांचंही सगळं कसं निवांत चाललं होतं. एक घास, मग गप्पा. कोण सून कुठली, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं.

वाढपी भिकू बादली घेऊन दोनदा येऊन गेला. दुसरी पंगत दाराशी खोळंबली होती. तिसऱ्यांदा त्याने हात जोडले.

"आजी, बाई, पत्रावळी उचलू का?"

"थांब जरा, बाबा," ठकूबाई म्हणाल्या. "आमचं अजून चाललंय."

"अहो, पण वाढलंय ते केवढं! चार घास तर हायत."

"चार हायत ना? मग चार घासांचा वेळ लागेल. तू त्या टोकापासून पुसत ये."

भिकूने कपाळावर हात मारला आणि फडकं घेऊन त्या टोकाला गेला. राजश्रीने पुढचा घास घेतला आणि सासूला म्हणाली, "हां, मग पुढे काय झालं त्या मुलीचं?"